गॉगलवाल्या दाजींचं हळदीकुंकू

मी नेमकं काय करते, हे आमच्या धाराशिवच्या गल्लीत अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. शेजारच्या काकूंच्या मते मी "दिवसभर मोबाईल बघते". त्याचे मला लोक पैसे देतात हे कळल्यापासून त्यांनी आपल्या सुनेला मोबाईलपायी टोचून बोलणं सोडून दिलंय, एवढा माझा समाजाला उपयोग झाला.

काम तसं सोपं आहे. कुणी मसाला बनवतो, कुणी पेढे, कुणी साड्या विकतो. आजकाल प्रत्येकाचं पेज असतं, त्यावर रील असतात, जाहिराती असतात, आणि ते सांभाळायला पुण्यातली एखादी एजन्सी किंवा घरातला भाचा असतो. या सगळ्यानं धंद्याला हातभार लागतोय की नुसताच गाजावाजा चाललाय, हे मी तपासते आणि लेखी सांगते. लाईक मोजायला मी लागत नाही, ते यंत्र मोजतं. मी बघते की बोलतंय कोण, विचारतंय काय आणि त्याला उत्तर मिळालं का. मग पिशवी घेऊन दुकानात जाते आणि दुकानदाराला विचारते, "हे खपतंय का हो?" पेज आणि दुकानदार एकच गोष्ट सांगत असले, तर माझं काम लवकर उरकतं. तसं फारसं होत नाही.

कळंबच्या एका साडीवाल्यांचं पेज असंच मजेदार होतं. फॉलोअर इतके, की शेठ दुकानात गादीवर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाला आधी मोबाईल दाखवायचे आणि मग साडी. मी यादी उघडली तर निम्मी नावं मला वाचताच येईनात. कुणीतरी त्यांना विकतचे फॉलोअर घालून दिले होते, सगळे सातासमुद्रापलीकडचे. म्हटलं, "शेठ, हे लोक इरकल नेसतात का?" शेठ म्हणाले, "पण मॅडम, आकडा तर बराबर दिसतोय की." दुसरे भूमचे एक पेढेवाले. रोज सकाळी न चुकता फुलांचं चित्र आणि सुविचार. पेजवर पत्ता नाही, फोन नाही, पेढ्याचा फोटोसुद्धा नाही. विचारलं तर म्हणतात, "पत्ता कशाला टाकायचा? आमचं दुकान कुणाला ठाव न्हाय?" त्यांना मी माझ्या अहवालात एकच ओळ ठळक करून दिली होती, की ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी पेज लागतच नाही.

हे सगळं मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. वीस-बावीस वर्षं मी घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरले. मोठ्या कंपन्यांना जाणून घ्यायचं असायचं, की खेड्यातले लोक कुठला साबण, कुठला चहा, कुठलं तेल वापरतात. खांद्याला पिशवी, हातात फॉर्म, आणि येईल त्या गाडीनं तुळजापूर, कळंब, लोहारा. माझे यजमान शाळेत मास्तर. त्यांनी कधी "कशाला उन्हातान्हात हिंडतेस" म्हटलं नाही, उलट कोपऱ्यावर सोडायला यायचे.

त्या दिवसांतली एक चूक अजून मला टोचते. तामलवाडीत चहाच्या पुड्याचा सर्व्हे होता. मी घराशी गेले की ओट्यावर बसलेले पुरुषच बोलायचे. "आमच्यात मोठाच पुडा आणत्यात, त्यो लहान पुडा कोण घेतंय?" मी लिहून घ्यायची. दाराआड बाई उभी असायची, ती काही बोलायची नाही आणि मीही विचारायची नाही. दिवसाला ठरलेले फॉर्म भरायचे असत, त्यामुळे जो बोलेल त्याचं उत्तर. कंपनीनं त्या भागात लहान पुडा पाठवणं बंद केलं. पुढं दुसऱ्याच कामासाठी त्याच गावात गेले, तेव्हा एक बाई मला ओळखून म्हणाली, "ताई, तुमी फारम भरून गेला न् त्यो लहान पुडा यायचा बंद झाला बघा. मोठा पुडा ह्यांच्या हातचा. लहान पुडा म्या माझ्या हातानं आणून दुपारच्याला माझ्यापुरता चहा करायची." त्या बाईचा दुपारचा चहा माझ्या फॉर्मनं काढून घेतला होता. त्याची आजही लाज वाटते.

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा हिंडणं थांबलं आणि हे मोबाईलवरचं काम सुरू झालं. पहिलं खातं यांच्याच फोनवर, यांच्याच नावानं काढलं होतं. मेलही त्यावरच. तेच पुढं चालू राहिलं. त्यामुळे पुण्यामुंबईचे लोक मला "नमस्ते सर" असं लिहितात, आणि मी दुरुस्त करत बसत नाही.

ढोकीच्या महेशचा मेलही "आदरणीय सर" असाच आला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः दारात आला आणि यांच्यापुढं फाईल ठेवून त्यांनाच सगळं सांगू लागला. यांनी त्याला पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "छान. आता हे सगळं परत एकदा आत सांगा. काम ती करते, मी फक्त चहा करतो."

महेशचा धंदा येसरचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येसर म्हणजे बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं आणि खडा मसाला हे सगळं वेगवेगळं भाजून केलेलं पीठ. आमटीत घातलं की आमटीला अंग येतं आणि सगळ्या गल्लीला कळतं की यांच्याकडं आज काय आहे. महेशच्या आईनं, मथुराबाईंनी, नवरा गेल्यावर साखर कारखान्याच्या गेटाबाहेर येसरच्या पुड्या विकून घर उभं केलं. आता त्यांच्या शेडमध्ये सात बायका चुलीवर भाजायच्या आणि पुड्यांवर "मथुराबाईंचा येसर" असं नाव छापलेलं असायचं.

महेशनं पेज पुण्याच्या एका एजन्सीला दिलं होतं. तिनं अहवाल दिला, की तुमच्या पेजवर बोलणारे जवळपास सगळे पुरुष आहेत, तेव्हा जाहिरातही पुरुषांसाठी करा. मग रील आले. उघडी जीप, मिशांना पीळ, शेतात मटणाची हंडी, आणि कानठळ्या बसवणारं संगीत. लाईक धडाधड वाढले. तेवढ्यातच दुकानांची मागणी घसरायला लागली. एजन्सीचं पुढचं म्हणणं असं, की आता येसर जुना झाला, लहान पुडा बंद करा आणि मशीनवरचा तयार मटण मसाला काढा. मशीन दुसरीकडं, भाजणी दुसरीकडं. म्हणजे शेडमधल्या सातही बायका घरी.

"मला बी ते पटतंय," महेश म्हणाला. "पण आई ऐकंना. म्हणती, आधी तिसऱ्या कुणाला तरी दाखव. तुम्ही एकदा लिहून द्या मॅडम, म्हणजे तिचं समाधान होईल."

म्हणजे निकाल आधीच लागला होता, मी फक्त शिक्का मारायचा. असल्या कामांना मी दुप्पट वेळ देते.

एजन्सीनं केली नव्हती ती गोष्ट मी केली. पेज सुरू झाल्यापासूनची एकेक कॉमेंट वाचली, आणि इनबॉक्समधले न उघडलेले मेसेजही. आठवडा लागला. दुसऱ्याच दिवशी मी एकटीच हसायला लागले, तेव्हा हे स्वयंपाकघरातून बघायला आले. पडद्यावर एक गडी होता. काळा गॉगल, झुपकेदार मिशी, लाल मोटरसायकलला रेललेला. आणि या गड्यानं लिहिलं होतं, "हळदीकुंकवाला वाटायला लहान पुडा मिळेल का?" त्याच्या खाली, कुस्तीच्या फडात शड्डू ठोकलेला एक पैलवान विचारत होता, "माझी जाऊ बाळंतीण आहे, तिला चालतो का? तिखट कमी करून द्याल का?" त्यावर एजन्सीचं उत्तर होतं, "धन्यवाद सर! असेच फॉलो करत राहा!"

जीपवाले रील सुरू झाले आणि हे आवाज एकेक करून बंद पडले होते. त्यांच्या जागी आगीची चित्रं आणि "नाद खुळा भावा" असले शेरे आले. तेही लांबलांबचे, येसर कशाशी खातात हे ठाऊक नसलेले.

मला तामलवाडी आठवली. तोच ओटा होता, तेच दार, फक्त ओटा आता मोबाईलमध्ये आला होता. यावेळी मी दाराआडच्या बाईला विचारल्याशिवाय फॉर्म भरणार नव्हते. गॉगलवाल्यानं पुडा पाठवण्यासाठी पत्ता दिला होता, येडशीचा. गुडघ्याला पट्टा बांधला आणि गेले.

ते ओट्यावरच बसले होते. बालाजी त्यांचं नाव. कॉमेंटचं विचारताच चपापले. "म्या कशाला लिवतोय असलं? फोन दुपारच्याला हिच्याकडंच असतोय." मग त्यांची बायको सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली, आणि माझ्याबरोबर परसदारी आल्यावरच बोलायला लागली.

"माझ्या नावाचं खातं काढलं की सासूबाई इचारणार, तुला कशाला पायजे? ह्यांच्या नावानं लिवलं की कोण काय म्हणत न्हाय."

"मग आता का लिहीत नाहीस?"

"तिथं आता समदी पोरं बसत्यात ओ ताई. ती जीप, ती गाणी. आपलं काय काम तिथं? मला वाटलं, त्या येसरवाल्यांनी बायकांना इकायचं बंद केलं."

मी तिचे हात हातात घेतले. एवढा चोख निष्कर्ष मला कुठल्या एजन्सीच्या अहवालात वाचायला मिळाला नाही.

ढोकीला अहवाल सांगायला गेले ती शेडमध्येच, चुलींपाशी. महेश खुर्चीवर, मथुराबाई पाटावर, आणि भाजणाऱ्या बायका कढईत उलथणं फिरवत कान देऊन. मी ठरवून गेले होते, की नाव कुणाचंही घ्यायचं नाही. नुसतं वर्णन सांगायचं आणि कॉमेंट वाचायची. पैलवानाच्या बाळंतीण जावेला सगळ्या खदखदून हसल्या. मग मी गॉगल, मिशी आणि लाल मोटरसायकल सांगून हळदीकुंकू वाचलं. कोंडाबाई नावाच्या बाईनं उलथणं खाली ठेवलं.

"लाल गाडी? येडशीचे हायत का? अगं बया, हे तर आमचे दाजी! माझ्या चुलतबहिणीचा दादला! दाजींना कुठलं आलंय हळदीकुंकू?"

शेडमध्ये हसण्याचा असा गलका झाला, की एका कढईतले धने थोडे जास्तच भाजले. मी मात्र जीभ चावली. एवढ्याशा जिल्ह्यात वर्णनालाही नाव असतं, हे मला कळायला हवं होतं. "कुणाला सांगू नका हं," मी कोंडाबाईंना म्हटलं. "छ्या! म्या कशाला सांगतीय?" त्या म्हणाल्या, आणि तेव्हाच मला समजलं की आता साऱ्या पंचक्रोशीला कळणार.

महेश हसला नव्हता. त्यानं माझ्या हातून कागद घेतले आणि एकेक कॉमेंट स्वतः वाचली. "म्हणजे गिऱ्हाईक ह्या बायकाच होत्या," तो हळूच म्हणाला. "न् आपण त्यांना 'सर सर' करून हाकललं."

"हाकललं न्हाय," मथुराबाई म्हणाल्या. "त्यांच्या दारात जीप लावली."

पण महेश सहजी हलणाऱ्यातला नव्हता. वर्षभराचा निर्णय आठवड्यात फिरवायला तो तयार होईना, आणि ते बरोबरही होतं. शेवटी असं ठरलं, की संक्रांतीपर्यंत जीप बंद. चूल, कढई आणि मथुराबाईंचे हात दाखवायचे. प्रश्न आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. उत्तरात "सर" नको, आणि "ताई" तर मुळीच नको, नाहीतर चारचौघांत तिचं बिंग फुटेल. नुसतं "हो, चालतो, तिखट कमी करून देतो." संक्रांतीच्या वाणासाठी लहान पुडा ठेवायचा. त्याला मागणी आली नाही, तर चुली बंद आणि मशीन सुरू. ऐकणाऱ्या बायकांची उलथणी त्या वेळी थांबली होती.

निघताना मथुराबाईंनी अहवाल मागून घेतला. पहिलं पान लांब धरून त्यांनी अक्षर लावून वाचलं. "श्री. दत्तात्रय मुळे. हे कोण?"

"आमचे हे."

"ह्यांनी वाचल्या समद्या कॉमेंटी?"

"नाही, मी. खातं त्यांच्या नावाचं आहे, म्हणून ते..."

"येडशीला कोण गेलतं?"

"मीच."

त्यांनी शेजारचा एक पुडा उचलून माझ्या हातात दिला. "ह्याच्यावर बघा कुणाचं नाव हाय," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. येताना गाडीत पुडा माझ्या मांडीवर होता. इतक्या बायकांचं बिंग शोधून काढणारी मी, आणि स्वतः यांच्या नावाआड किती वर्षं बसले होते! मला राग आला, तो माझाच.

सुनंदाला फोन करून मी झाल्या प्रकाराची माफी मागितली. बातमी माझ्याआधी पोचली होती. "सासूबाई काय बोलल्या न्हायत," ती म्हणाली. "ह्यांनी मातर फोन खिशात घातलाय, काढतच न्हायत." तिचं हक्काचं तेवढंच बोलणं होतं, तेही माझ्यामुळं गेलं. दुसऱ्यांदा तीच चूक.

संक्रांत जवळ आली. वाणाच्या पुड्याचा व्हिडिओ पेजवर आला. सुरेख होता, मथुराबाई बाजरी भाजताना आणि खाली लिहिलेलं, की लहान पुडे तयार आहेत. सकाळ गेली, दुपार कलली, मागणी नाही. एकही नाही. महेशचा फोन आला. "मॅडम, व्हिडिओ बघत्यात, आकडा दिसतोय मला. पण कुणीच बोलंना झालंय. तुमचा अंदाज चुकला म्हणायचा का?" मागून उलथण्याचा आवाज येत होता. अजून भाजत होत्या त्या.

माझा अंदाज चुकला नव्हता. त्या रिकाम्या ओट्यावर आधी कुणीतरी येऊन बसायला हवं होतं. तपासणाऱ्यानं स्वतः कॉमेंट टाकायची नाही, हा माझा कडक नियम. त्यापायी मी एका एजन्सीशी भांडलेही आहे. पण मला वाणाला पुडे खरंच हवे होते. यांना म्हटलं, "माझ्या नावाचं खातं काढायचंय." हे म्हणाले, "काढ की. मला वाटलं, तुला माझंच आवडतंय." दोघांनी मिळून ते काढलं, आणि मी लिहिलं, "मी रेखा मुळे, धाराशिव. या पेजची तपासणी मीच केली आहे, हे आधीच सांगते. पण हे मागणं माझ्या घरचं. माझ्या वाणाला लहान पुडे पाहिजेत, पैसे देऊन." लिहून पाठवलं. परक्याच्या दारात फॉर्म घेऊन पहिल्यांदा गेले होते, तेव्हासारखंच वाटलं.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या संक्रांतीला शेडमधल्या सातजणींना काम आवरेना, आणखी तिघींना बोलवावं लागलं. मशीनचा विषय महेशनं परत काढला नाही. चुली आजही पेटलेल्या आहेत. माझ्या अहवालांवर आता माझं नाव असतं, आणि "नमस्ते सर" असा मेल आला की मी पहिल्या ओळीत दुरुस्त करते. या कामाचा मला जो अभिमान आहे तो असा आहे, सात चुलींचा.

पण त्या दिवशी दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मोबाईल समोर ठेवून बसले होते. चहा गार झाला. मग माझ्या कॉमेंटखाली एक ओळ आली. "मलाबी पायजेत. सुनंदा, येडशी."

मी लगेच फोन लावला. ती हसत होती. "कट्ट्यावरची पोरं ह्यांना 'दाजी, हळदीकुंकवाला कधी येऊ' म्हणून लई हैराण करायला लागली. मग आज ह्यांनीच खातं काढून दिलं. म्हणाले, काय लिवायचं ते तुझ्या नावानं लिव, मला सोड. न् सासूबाई म्हणाल्या, माझेबी पुडे त्यातच सांग." मग जरा थांबून तिनं विचारलं, "ताई, फोटो टाकायचा राहिलाय. कुठला टाकू? ह्यांचा गॉगलवाला हाय फोनमधी, त्योच टाकू का?"

"तुझा टाक," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि बघितलं, तर माझ्याही नावाशेजारी फोटोची जागा अजून रिकामीच होती.